बशीतले शेजारी

'अंकुर' केंद्राच्या तळमजल्यावर बेडूक पाळलेले आहेत हे कळलं, की नव्या जोडप्यांच्या चेहऱ्यावर हमखास हसू यायचं. मूल होत नाही म्हणून सांगली-मिरजेपासून पार जमखंडीपर्यंतची माणसं इथं यायची, वरच्या मजल्यावर जीव मुठीत धरून बसायची, आणि त्यांच्या पायाखाली पाण्याच्या टाक्यांत बेडूक मजेत डुंबत असायचे. कालिंदी आरवाडे त्यांना पोटभर हसू द्यायची आणि मग समजावून सांगायची. माणसाचे भ्रूण ज्या द्रवात वाढवायचे, त्याची प्रत्येक नवी बाटली आधी बेडकाच्या अंड्यांवर तपासतात. बेडकाचं अंडं मोहरीएवढं, पण नुसत्या डोळ्यांना दिसतं, उघड्यावर वाढतं, आणि थोड्याच दिवसांत पिल्लाच्या पारदर्शक पोटातून धडधडणारं हृदय दिसायला लागतं. द्रवात खोट असली तर बेडूक आधी सांगतात.

सकाळी खाली बेडूक आणि दुपारी वर माणसं, अशी तिची नोकरी होती. नीटनेटकेपणात तिचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. ताटलीतल्या एका खळग्यात एकच भ्रूण, प्रत्येकावर नाव, कुणाचा कुणाला धक्का नाही. शिकाऊ डॉक्टरांना तिच्या ताटल्या मुद्दाम दाखवायला आणत. घरीही तोच प्रकार होता: एकटीचं ताट, एकटीचा पेला, आणि मूठभर भातासाठी लावलेला चिमुकला कुकर. नवरा, अजित, अपघातात गेल्याला तीन वर्षं होत आली होती. त्याच्या आधी बाळ गेलं होतं.

बाहेरून पाहिलं तर माणूस डावी-उजवीकडे सारखाच असतो. दोन डोळे, दोन हात, दोन कान. आत मात्र सगळा पंक्तिप्रपंच आहे. हृदय डावीकडे झुकलेलं, यकृत उजवीकडे, आतडी ठरलेल्या दिशेनंच गुंडाळलेली. ताटात मीठ-लिंबू डावीकडे आणि भाजी उजवीकडे, तसं निसर्गानंही एकदाच काय ते वाढून ठेवलं आहे. पण इवल्याशा गोळ्याला डावं कुठलं हे सांगतं कोण? तर भ्रूण वाढताना त्याच्यात एक खोलगट जागा तयार होते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे केस असतात, आणि ते सगळे एकाच दिशेनं गरगर फिरून द्रव डावीकडे ढकलतात. प्रवाह जिकडे जातो तिकडे 'नोडल' नावाचं जनुक जागं होतं. दुसऱ्या बाजूचं झोपून राहतं. मग त्या खुणेवरून हृदयाची नळी वळते. बेडकात हे असंच होतं आणि माणसातही असंच.

अजितच्या घराण्यात ते केसच पांगळे होते. अशा घरात डावं-उजवं नाणेफेकीवर ठरतं. सगळंच्या सगळं उलटं पडलं तर माणूस म्हातारा होईस्तोवर मजेत जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे पडलं, तर हृदयाच्या वाहिन्या भलतीकडेच जोडल्या जातात. कालिंदीच्या बाळाचं तसं झालं होतं. ती बाळंतपणाहून घरी आली तेव्हा बाळ अजून दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होतं, आणि सगळे म्हणत होते, होईल हो बरं.

त्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या राजमती चौगुले हळिवाची खीर घेऊन आल्या होत्या. स्टीलच्या वाटीवर ठळक अक्षरांत नाव घातलेलं होतं, 'सौ. राजमती बा. चौगुले'. कालिंदीनं खीर खाल्ली. तो आठवडा संपायच्या आत बाळ गेलं. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, काहीतरी घालूनच द्यायची असते, अगदी चमचाभर साखर का असेना. पण त्या वाटीत घालावं असं त्या घरात काही उरलंच नव्हतं. आज देऊ, उद्या देऊ करता करता वाटी मांडणीवर मागे सरकत गेली, आणि इतकी वर्षं झाल्यावर ती कुठल्या तोंडानं द्यायची हेही तिला कळेनासं झालं.

पुढे राजमतीच 'अंकुर'मध्ये आल्या, पेशंट म्हणून.

तोवर 'दिशादर्शक' यंत्र आलं होतं. केसांचा खेळ पुष्कळ नंतरचा, पण डाव्या-उजव्याची पहिली पुसट खूण अगदी सुरुवातीच्या पेशींमध्येच पडते, हे त्या सुमारास सिद्ध झालं होतं. पेशींमधल्या विजेत किंचित फरक असतो. यंत्र तो टिपायचं, आणि तिसऱ्या दिवशी पडद्यावर भ्रूणाची एक कड हिरवी उजळायची. कड उजळली की भ्रूण आईच्या पोटात ठेवायचा. नाही उजळली तर तो 'दिशाहीन', म्हणजे रद्द; नष्ट करायच्या कागदावर आईबापांची सही होईपर्यंत नुसता गोठवून ठेवायचा. राजमतींचे सगळेच्या सगळे दिशाहीन निघाले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. दर वेळी हे त्यांना सांगायचं काम कालिंदीकडे आलं. तेव्हापासून जिन्यात भेट झाली की राजमती तिला "काय मॅडम" म्हणायच्या आणि किल्ली शोधायला लागायच्या. आधी त्या तिला नावानं हाक मारत असत.

दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर होतं, आणि ते चालून जाण्याची हिंमत दोघींतही नव्हती. त्यातून या नव्या इमारतींची दारं बोलकी. कुणी समोर नुसतं घुटमळलं तरी दार आत वर्दी द्यायचं. चोरपावलांनी जाऊन परत येण्याची सोयच राहिली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत बेडकांकडे खळग्यांच्या ताटल्या संपल्या. दुकानं बंद होती. त्या आठवड्यात कालिंदीकडे पांगळ्या केसांची अंडी होती, म्हणजे मुद्दाम जनुक बिघडवलेली. द्रवाची कडक परीक्षा घ्यायची तर अशीच अंडी लागतात. ही अंडी फार मोलाची, म्हणून ती नेहमी एकेका खळग्यात. निरोगी अंडी मात्र तुलनेपुरती, त्यांना कोण विचारतो! ती एका बशीत घोळक्यानं टाकायची. तिच्या गुरूंनी तिला असंच शिकवलं होतं आणि त्यांच्या गुरूंनी त्यांना. या वेळी इलाज नव्हता म्हणून तिनं पांगळीही एकाच बशीत ओतली आणि एकटीसाठी कशाला करायचा म्हणत फराळ न करताच दिवाळी काढली.

सुट्टीनंतर तिनं बशी भिंगाखाली धरली तर जवळजवळ सगळ्या पिल्लांची हृदयं बरोबर बाजूला वळलेली. तिला वाटलं, बशांची अदलाबदल झाली. तिनं पुन्हा केलं, मग पुन्हा. तीच अंडी एकेकटी ठेवली तर निम्म्यांचं हृदय भलतीकडे. एकत्र ठेवली तर जवळपास सगळी ठीक.

कारण शोधायला तिला पुढचा पावसाळा उजाडला. प्रत्येक भ्रूणाला डावं कुठलं हे थोडंसं ठाऊक असतं. केस पांगळे असतील तर ते इतकं पुसट असतं, की त्याचं त्यालाही उमगत नाही. पण पेशी वाढताना, आणि विशेषतः तिला इजा होताना, ती एक रसायन बाहेर सोडते. शेजारच्या भ्रूणात त्यानं कॅल्शियमची लाट उठते, त्याच्याकडून पुढच्यात. सगळ्यांची पुसट माहिती अशी फिरत राहते आणि फिरता फिरता पक्की होते. इतकी वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी दुबळ्यांना एकेकटं ठेवलं होतं आणि सुदृढांना घोळक्यात. मग हिशेब मांडला होता, की जनुक बिघडलं म्हणून दिशा हरवली. जनुकाच्या माथी मारलेलं निम्मं पाप एकटेपणाचं होतं.

कालिंदी त्या दिवशी तळमजल्यावर स्टुलावर बसून रडली. तिला वरच्या मजल्यावरच्या तिच्या सुंदर ताटल्या आठवत होत्या.

केंद्राच्या प्रमुख डॉ. रोहिणी शिरगुप्पे यांनी सगळं ऐकून चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता काय करायचं म्हणतीस?"

"माझा एक आहे ना मॅडम, गोठवणीच्या टाकीत." अजित असताना गोठवलेला, दिशादर्शक यायच्याही आधीचा. तेवढा एकच उरला होता. "मी त्रेचाळीस पूर्ण केली. पुढच्या वर्षी नियम मला पोटात ठेवू देणार नाही. एकटा वाढवला तर पुन्हा नाणेफेक. त्याला शेजार पाहिजे."

"बेडकांचा चालतोय काय?"

"भाषा वेगळी, मॅडम. माणसाला माणसाचाच लागेल."

ज्यांना आशा आहे असे भ्रूण कुणी कुणाच्या शेजारी ठेवू देणार नव्हतं, आणि नियमातही ते बसत नव्हतं. पण गोठवणीच्या टाकीत रद्द ठरलेले होते, आणि आईबापांनी परवानगी दिली तर ते प्रयोगाला वापरता येत होते. डॉक्टरांनी स्वतः फोन केले. एका गृहस्थांनी आधी विचारलं, बशीत बाकीचे कुणाकुणाचे आहेत, आडनावं सांगा. एका बाईंना आपल्या रद्द भ्रूणाशेजारी मांसाहारी घरचा चालणार नव्हता. तिसऱ्यांनी वकिलांशी बोलून कळवतो म्हटलं आणि फोन उचलणं सोडलं. सोसायटीत फ्लॅट द्यायचा असावा तशी चौकशी झाली आणि शेवटी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

"चौगुल्यांचे चार आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "नष्ट करायच्या कागदावर त्यांनी अजून सही केलेली नाही. तुझ्या समोरच राहतात की."

"म्हणून तर," कालिंदी म्हणाली.

"कालिंदी आरवाडे दारात आहेत," दार म्हणालं, तेव्हा ती खरंतर परत फिरण्याच्या बेतात होती.

राजमतींनी दार अर्धंच उघडलं. "बोला मॅडम."

कालिंदीनं पाठ करून आणलेलं सगळं विसरून सरळ सांगून टाकलं: बेडूक, बशी, आपला एकुलता एक भ्रूण, तुमचे चार. राजमती चौकटीला धरून ऐकत होत्या.

"तुम्हीच सांगितलं होतं की, ते कामाचे न्हाईत म्हणून."

"हो."

"म्हंजे माझी चार टाकाऊ. मरता मरता तुमच्या लेकराला वाट दाखवायची आणि जायचं. असंच न्हवं?"

"असंच, वहिनी. दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही मला." कालिंदीनं पुढचंही सांगून टाकलं. "आणि त्यातलं एकही तुम्हाला परत मिळणार नाही. कसलीच आशा धरू नका."

दार लागलं. ते जोरात आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ते अगदी हळू लागलं.

दोन दिवसांनी राजमती एकट्याच केंद्रात आल्या. पिशवी छातीशी धरून बसल्या आणि टेबलाकडे बघत बोलायला लागल्या. "आमच्यात मुंगी मारत न्हाईत. ती सही करायला मला किती वेळा बोलावलं तुमच्या हापिसातनं. हातच चालंना. बर्फात पडल्यात बिचारी, ना घरची ना दारची." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "घाला बशीत. एकेकटी जाण्यापेक्षा बरं. पण मला बघायची आहेत. एकदा तरी कुणी दाखवायची होती."

खरंच की. इतक्या वर्षांत त्यांना ते दाखवावेत असं कुणाला सुचलं नव्हतं, कालिंदीलाही नाही.

बशी तयार झाली तशी तिनं राजमतींना पांढरा डगला चढवला आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. राजमतींना आधी काहीच दिसेना, मग दिसलं.

"माझी कुठली?"

"हे चार. आणि तो कडेचा माझा. त्याच्या कवचाला खाच आहे बघा, जुन्या पद्धतीनं गोठवलेला म्हणून."

"एवढा लांब कशाला ठेवलाय त्याला? सरकवा की जवळ."

सवयीनं तिनं खरंच अंतर सोडलं होतं. तिनं बारीक नळी घेतली आणि राजमती बघत असताना स्वतःच्या भ्रूणाला त्या चौघांच्या मध्ये ढकललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कालिंदीनं बशी दिशादर्शकाखाली सरकवली. खोलीत ती एकटीच होती. पडदा हळूहळू उजळला, आणि मध्ये, खाच असलेल्या कवचात, काहीच नव्हतं. पेशी काळ्या पडून आक्रसल्या होत्या. बहुधा पहिल्या दिवशीच तो थांबला होता. त्याच्याभोवतीचे दोघेही थांबलेले. एक धुगधुगत होता. आणि चौथ्याच्या डाव्या कडेला, नखाच्या कोरीसारखी, स्वच्छ हिरवी रेघ होती.

तिनं यंत्र बंद करून पुन्हा लावलं. रेघ तिथंच होती. तोच भ्रूण, ज्याला तिनं पूर्वी स्वतःच्या हातानं एका सुरेख एकट्या खळग्यात वाढवून दिशाहीन ठरवलं होतं. मध्ये जो होता त्याच्या पेशी मोडताना त्यांनी लाट सोडली असणार. तीच लाट कदाचित याच्यात पोचली असेल. हे तिला कधीच नक्की कळणार नव्हतं. अजितचं शेवटचं जे काही या जगात होतं ते संपलं होतं, आणि ती नुसती पडद्याकडे बघत उभी होती.

भिंतीवरच्या फोनमधून डॉक्टरांचा आवाज आला. "काय गं, उजळला काय?"

"उजळला, मॅडम."

"अगं बाई! तुझाच ना?"

कालिंदीनं बशीकडे पाहिलं. बशीत नावं नव्हती. खाच कुठल्या कवचाला आहे हे तिला आणि राजमतींना ठाऊक होतं, आणि राजमतींनी तर चौघांचा निरोप घेतला होता. पुढची जनुकांची तपासणी करणारीही तीच. एक शब्द बोलायचा होता. मूल झालं असतं तिला, हृदय जागच्या जागी असलेलं, दुपट्यात गुंडाळून घरी आणता येणारं. तिला ते फार हवं होतं. आणि मग तिला ते मूल चालायला लागलेलं दिसलं, चार पावलांवरच्या समोरच्या दाराकडे दुडूदुडू निघालेलं, आणि ते दार उघडू नये म्हणून आपण जन्मभर त्याला मागे ओढत असलेलंही दिसलं. तसलं घर आत्ताच्या घरापेक्षाही रिकामं झालं असतं.

"कालिंदी? ऐकू येतंय ना? तुझाच ना?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "चौगुल्यांचा."

मग डॉक्टर म्हणाल्या, "मी वर येते." कालिंदीनं भ्रूणाला ताज्या द्रवात हलवलं आणि मग अर्ज न देता ती लवकर घरी गेली.

मांडणीच्या मागच्या बाजूला वाटी होती. तिच्यावर धूळ बसली होती. कालिंदीनं ती घासली, पुसली, डब्यातली साखर काठोकाठ भरली आणि दार उघडून चार पावलं चालून गेली.

"कालिंदी आरवाडे दारात आहेत."

राजमतींचे हात पिठानं भरले होते. त्यांनी आधी वाटीकडे पाहिलं, मग वाटीवरच्या नावाकडे. "अगंबाई, ही तुमच्याकडं व्हती व्हय! ह्याच्यापायी मी कामवालीवर आळ घेतला होता." मग साखर दिसली, आणि त्या थबकल्या. "साखर कसली?"

कालिंदीनं सांगितलं. उद्या सकाळी दोघांनी यायचं, म्हणजे भ्रूण पोटात ठेवता येईल, आणि तो टिकेलच असं नाही, हेही सांगितलं. राजमती उंबऱ्यातच खाली बसल्या. पिठाचे हात तसेच हवेत धरून त्यांनी वर पाहिलं.

"आणि तुझं?"

कालिंदीनं नुसती मान हलवली. "थांबलं, वहिनी."

राजमती उठल्या, वाटी घेऊन आत गेल्या. आतून डब्यात साखर ओतल्याचा आवाज आला, मग नळाचा. कालिंदी बाहेरच उभी राहिली. तिला जावंही वाटेना आणि थांबावंही.

"कालिंदी आरवाडे दारात आहेत," दार पुन्हा म्हणालं.

"ठाऊक हाय, गप बस!" आतून राजमती ओरडल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि वाटीत मटकीची गरम उसळ होती. त्यांनी ती कालिंदीच्या हातात ठेवली आणि तिची बोटं क्षणभर आपल्या ओल्या हातांत धरली. "अंधार पडायच्या आत खाऊन घे. उपाशी राहू नगस."

कालिंदीनं घरी येऊन ताट घेतलं. मीठ डावीकडे, उसळ उजवीकडे, मध्ये मूठभर भात. जेवताना ती रडत होती, पण ताटातलं सगळं तिनं संपवलं. मग तिनं वाटी घासून मांडणीवर पुढच्या रांगेत, सहज हाताला येईल अशी ठेवली. आता ती परत करायची होती, आणि उद्या तिच्यात काय घालून द्यावं याचा विचार करत ती खिडकीशी बसून राहिली.